न चालणारे चाकांचे घर

(द्वितीय वर्ष कला, भूगोल विभाग)

माणसांप्रमाणे शब्दांनाही नशीब असते. 'तांडा' हा आपला शब्दच पाहा. एके काळी तांडा म्हणजे बैलांच्या पाठीवर मिठाच्या आणि धान्याच्या गोण्या लादून एका मुलखातून दुसऱ्या मुलखात जाणारे लमाणांचे चालते गाव. आज तांडा म्हटले की गावाबाहेरची, एका जागी वसलेली वस्ती डोळ्यांपुढे येते. चालणे थांबले, नाव मात्र राहिले. इंग्रजीतल्या 'कॅरॅव्हॅन' ह्या शब्दाचीही हीच कथा आहे. मूळ शब्द फारसी 'कारवान', म्हणजे वाळवंटातून जाणारा व्यापाऱ्यांचा काफिला. पुढे इंग्लंडात त्याचा अर्थ झाला चाकांवरचे घर. आणि आता तर तेथे हजारो कुटुंबे ज्या कॅरॅव्हॅनमध्ये सुट्टी घालवतात ती जागची हलतसुद्धा नाही! तिला 'स्टॅटिक कॅरॅव्हॅन', म्हणजे स्थिर कॅरॅव्हॅन म्हणतात. चाके आहेत, पण चालत नाही. घरासारखी दिसते, पण कायदा तिला घर मानत नाही. ह्या विचित्र वस्तूची ओळख करून द्यावी, हा ह्या लेखाचा हेतू.

पर्यटन भूगोलाच्या चर्चासत्रासाठी वेल्समधील डोंगराळ प्रदेशाचा विषय माझ्या वाट्याला आला, तेव्हा तो मला फार दूरचा वाटला होता. मी वेल्स पाहिलेले नाही. माझी सारी माहिती ग्रंथालयातल्या पुस्तकांची, नकाशांची आणि विभागातल्या संगणकाची. शिवाय आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. 'सुट्टी घालवणे' हा शब्दप्रयोग आमच्या घरात नाही. सुट्टी शाळेला असते आणि ती लागली की मुलांनी मामाच्या गावाला जायचे किंवा शेतात हात लावायचा, एवढेच आम्हाला ठाऊक. परंतु माझे गाव अकोले तालुक्यात कळसूबाईच्या पायथ्याशी आहे. मे-जून महिन्यांत काजवे पाहायला शहरातली माणसे भंडारदऱ्याकडे लोटतात आणि धरणाच्या काठाकाठाने तंबू उभे राहतात. त्यामुळे वाचता वाचता लक्षात आले की, हा विषय वाटतो तितका दूरचा नाही. डोंगरात पाहुणा आला तर त्याला कोठे आणि कोणत्या अटीवर उतरवायचे, हाच तो प्रश्न आहे.

प्रथम ही वस्तू कशी असते ते पाहू. स्थिर कॅरॅव्हॅन कारखान्यात तयार होते. ईशान्य इंग्लंडातील हल शहराचा परिसर ह्या धंद्याचे माहेरघर मानला जातो. खाली पोलादी सांगाडा, त्याला चाकांची जोडी, वर लाकडी चौकट आणि बाहेरून पत्र्याचे किंवा प्लॅस्टिकचे आवरण. लांबी साधारण अठ्ठावीस ते चाळीस फूट, रुंदी दहा ते तेरा फूट. मोटारीमागे लावून सहलीला न्यावी अशी ही गाडी नव्हे. कारखान्यातून ती मोठ्या मालट्रकवर चढते, तळावर उतरते आणि काँक्रीटच्या ओट्यावर ठेवली जाते. सांगाड्याखाली ठोकळे लावून वजन त्यांच्यावर घेतात, म्हणजे चाकांवर भार राहत नाही. वाऱ्याने उलटू नये म्हणून साखळदंडाने ती जमिनीशी जखडतात. मग पाणी, वीज आणि सांडपाण्याचे नळ जोडले की घर तयार!

आत दोन किंवा तीन निजायच्या खोल्या, एक बैठकीची खोली, तिच्याच कोपऱ्यात स्वयंपाक, आणि स्नानगृह. बैठकीतल्या बाकाचा रात्री पलंग होतो. सहा माणसे अशी सोय होते. स्वयंपाकाचा व पाणी तापवण्याचा गॅस बहुधा बाहेर ठेवलेल्या टाक्यांतून येतो. येथे एक शास्त्रीय गोष्ट सांगण्यासारखी आहे. ब्युटेन वायू शून्य अंशाच्या जरा खालीच द्रवरूप होऊन बसतो, म्हणून थंडीत तो टाकीबाहेर येईनासा होतो. प्रोपेन मात्र उणे बेचाळीस अंशांपर्यंत वायुरूप राहतो. म्हणून डोंगरातल्या कॅरॅव्हॅनला प्रोपेनच लागतो. हिवाळ्यात तळ बंद होण्यापूर्वी नळांतले सारे पाणी काढून टाकावे लागते. नाही तर ते गोठून फुगते आणि नळ फुटतात. बारमाही राहण्याच्या फिरत्या घरांसाठी भिंतींच्या जाडीचे व उबेचे वेगळे, कडक मानक आहे. सुट्टीच्या कॅरॅव्हॅनला ते लागू नाही. थोडक्यात, ती वापरायची उन्हाळ्यातच, हे तिच्या बांधणीतच लिहिलेले आहे.

ही कल्पना जन्मली कशी? १८८५ साली आरमारातून निवृत्त झालेले एक डॉक्टर व लेखक, गॉर्डन स्टेबल्स, ह्यांनी ब्रिस्टलच्या कारखान्यातून खास हौसेसाठी घोड्यांची एक घरगाडी करवून घेतली आणि तीत बसून देश पाहिला. हौसेची पहिली कॅरॅव्हॅन म्हणून तिचे नाव घेतात. १९०७ साली अशा हौशी मंडळींचा क्लबही निघाला. पण ही झाली सुखवस्तू लोकांची मौज. गिरणीतल्या, खाणीतल्या आणि कारखान्यातल्या माणसाला रजाच नव्हती, मग गाडी कोठली? १९३८ साली ब्रिटनमध्ये पगारी रजेचा कायदा झाला आणि कामगाराला वर्षाकाठी आठवडाभराची पगारी सुट्टी मिळण्याची वाट मोकळी झाली. लगेच महायुद्ध आले. ते संपल्यावर मात्र रजा आणि हातात थोडा पैसा असलेली माणसे समुद्राकडे व डोंगराकडे निघाली. हॉटेल परवडत नव्हते. शेतकऱ्याच्या कुरणात जुनी बस, मोडीत निघालेला रेल्वेचा डबा किंवा एखादी कॅरॅव्हॅन उभी करून लोक राहू लागले. म्हणजे स्थिर कॅरॅव्हॅनच्या मुळाशी शोध नाही, पगारी रजा आहे. मला ह्या साऱ्या इतिहासातली ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते.

कुरणे भरू लागली तशी घाण, पाण्याची टंचाई आणि आगीची भीती वाढली. तेव्हा १९६० साली कॅरॅव्हॅन-तळांचा कायदा झाला. तळ चालवायचा तर स्थानिक परिषदेचा परवाना हवा, दोन कॅरॅव्हॅनमध्ये ठरावीक अंतर हवे, पाणी, संडास व आग विझवण्याची सोय हवी, असे बंधन आले. ह्याच कायद्याने कॅरॅव्हॅनची व्याख्या केली: माणसाला राहता येईल अशी आणि एका जागेवरून दुसऱ्या जागी नेता येईल अशी वस्तू. मग ती ओढून न्या की ट्रकवर घालून न्या. १९६८ च्या कायद्याने दोन भाग जोडून होणाऱ्या कॅरॅव्हॅनला साठ फूट लांबी आणि वीस फूट रुंदी अशी मर्यादाही घातली. पुढे ती थोडी वाढली.

ह्या व्याख्येतच साऱ्या कोड्याची किल्ली आहे. हलवता येते म्हणून ती इमारत नाही. ती ठेवणे म्हणजे बांधकाम नव्हे, तर जमिनीचा एक प्रकारचा वापर. त्यासाठीही नियोजनाची परवानगी लागतेच. परंतु जेथे विटांचे घर बांधू देणे शक्य नाही, तेथे कॅरॅव्हॅन उभी राहू शकते. उद्या ती उचलून नेली तर मागे ओटा उरतो, तो फोडला की गवत उगवते. वीस वर्षे न फिरलेली ती गंजकी चाके अशी बिनकामाची नाहीत. घराला 'घर' होण्यापासून तीच वाचवतात!

आता प्रत्यक्ष प्रदेशाकडे वळू. वेल्सच्या वायव्य भागातील डोंगरांना इंग्रजीत 'स्नोडोनिया' आणि तेथल्या लोकांच्या वेल्श भाषेत 'एररी' म्हणतात. १९५१ साली ह्या भागाला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. क्षेत्रफळ सुमारे २,१३० चौरस किलोमीटर. आपल्याकडे राष्ट्रीय उद्यान म्हटले की माणूस बाहेर आणि वाघ आत, अशी कल्पना असते. तेथे तसे नाही. उद्यानात पंचवीस हजारांच्या आसपास माणसे राहतात, गावे आहेत, मेंढ्यांची कुरणे आहेत आणि बरीचशी जमीन खासगी मालकीची आहे. सर्वांत उंच शिखर 'अर विद्वा', इंग्रजी नाव स्नोडन, १,०८५ मीटर. आमची कळसूबाई १,६४६ मीटर आहे, तेव्हा उंचीत आम्ही पुढे! पण पावसात ते शिखर आपल्या घाटमाथ्याची बरोबरी करते; वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस तेथे पडतो. २०२२ च्या नोव्हेंबरात उद्यानाच्या प्राधिकरणाने ठरवले की, ह्यापुढे आपण डोंगरांची वेल्श नावेच वापरायची.

ह्या डोंगरांचे वैशिष्ट्य असे की, ते समुद्राला भिडलेले आहेत. हार्लेक ते बार्मथ ह्या पट्ट्यात एका बाजूला वाळूचा किनारा आणि दुसऱ्या बाजूला डोंगराची भिंत. मधल्या सपाटीवर कॅरॅव्हॅनच्या रांगा. आतल्या बाजूला बाला येथील सरोवराच्या परिसरात आणि दऱ्याखोऱ्यांत लहान लहान तळ आहेत. पुष्कळसे शेतकऱ्यांच्या जमिनीवर. येणारी माणसे मुख्यतः बर्मिंगहॅम, लिव्हरपूल, मँचेस्टर ह्या औद्योगिक शहरांतली. दोन-तीन तासांच्या प्रवासात डोंगर गाठता येतो. आजोबांनी घेतलेल्या कॅरॅव्हॅनमध्ये नातवंडे येतात. शेजारची कुटुंबेही वर्षानुवर्षे तीच. पाऊस लागला की पत्र्यावर त्याचा ताशा वाजतो आणि मंडळी आत पत्ते खेळत बसतात. उघडीप झाली की काडर इद्रिसच्या वाटेला लागायचे किंवा एके काळी पाटीचा दगड वाहणाऱ्या अरुंद रुळांच्या आगगाडीत बसायचे. ह्यात थाटमाट काही नाही. नेहमीची जागा आणि नेहमीचे शेजारी हीच ह्या सुट्टीची गोडी, असे दिसते.

मात्र हिशेबाची बाजू नीट पाहिली पाहिजे. कॅरॅव्हॅन विकत घेतली तरी तिच्याखालची जमीन आपली होत नाही. जागेचे भाडे दरसाल द्यावे लागते, आणि ते काही हजार पौंडांच्या घरात जाते. घराची किंमत काळाबरोबर वाढते, कॅरॅव्हॅनची मोटारीसारखी उतरते. पुष्कळ तळांवर करारातच वयाची अट असते. इतकी वर्षे झाली की जुनी हलवा, नवी आणा. विकायची म्हटली तर तळमालकाला दलाली. ती कायमचे घर म्हणून वापरता येत नाही, हिवाळ्यात काही आठवडे तळ बंद. बारमाही राहणाऱ्या फिरत्या घरांतील लोकांना वेल्समध्ये २०१३ च्या खास कायद्याचे संरक्षण आहे; सुट्टीच्या कॅरॅव्हॅनवाल्याला ते नाही, त्याची सारी भिस्त करारावर. मार्च २०२० मध्ये करोनाची साथ पसरू लागली, तेव्हा वेल्सच्या सरकारने कॅरॅव्हॅन-तळ बंद करण्याचा आदेश दिला आणि मंडळींना आपापल्या खऱ्या घरी परतावे लागले. पाहुणा तो पाहुणाच, हे त्या दिवशी स्पष्ट झाले. श्रमिकाची ही हक्काची विश्रांती वाटते खरी, पण ती बरीचशी दुसऱ्याच्या मर्जीवर उभी आहे.

आणि ज्यांच्या दारात हे पाहुणे येतात त्यांचे काय? एररीचा डोंगर एके काळी पाटीच्या दगडावर जगत होता. ब्लायनाय फेस्टिनिओग, बेथेस्डा ही खाणकामगारांची गावे. बेथेस्डाच्या कामगारांनी १९०० ते १९०३ अशी तीन वर्षे झुंज दिली होती. पुढे मागणी घटली, खाणी ओस पडत गेल्या, तरुण पोटामागे शहराकडे गेले. २०२१ साली ह्या पाटीच्या प्रदेशाला युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान दिला. पण मानाने चूल पेटत नाही. अशा वेळी मेंढ्यांवर भागत नसलेल्या शेतकऱ्याला तळाच्या भाड्याने हात दिला, दुकाने चालली, साफसफाई व दुरुस्तीची कामे मिळाली. परंतु ही कमाई हंगामी आणि बेभरवशाची, हेही खरेच.

त्याहून मोठा प्रश्न भाषेचा. हा प्रदेश ज्या ग्विनेद परगण्यात बहुतांशी मोडतो, तेथे २०२१ च्या शिरगणतीत ६४.४ टक्के लोक वेल्श बोलणारे होते. साऱ्या वेल्समध्ये हेच प्रमाण १७.८ टक्के आहे. म्हणजे ही त्या भाषेची शेवटची भक्कम गढी. अशा गावातले घर शहरातल्या श्रीमंताने सुट्टीसाठी विकत घेतले की किमती चढतात. गावातल्या नवविवाहित जोडप्याला घर मिळत नाही, ते बाहेर जाते, आणि पुढे शाळेतले मूलही कमी होते. हिवाळ्यात गावातून चालत गेले तर निम्म्या खिडक्या काळोख्या. ह्या संतापातून १९७९ च्या डिसेंबरापासून दहा-बारा वर्षे अशा रिकाम्या घरांना आगी लावण्याचे प्रकारही झाले. तो मार्ग कोणालाच शोभणारा नव्हता. पुढे कायद्याने मार्ग शोधला. एप्रिल २०२३ पासून ग्विनेदच्या परिषदेने अशा दुसऱ्या घरांवर मूळ करावर आणखी १५० टक्के अधिभार बसवला.

येथे कॅरॅव्हॅनकडे पुन्हा पाहावेसे वाटते. दिसायला ती बेढब. हिरव्या उतारावर पांढऱ्या डब्यांची रांग म्हणजे निसर्गाच्या अंगावरचे ठिगळ, असे सौंदर्यवादी म्हणतात आणि त्यात तथ्य आहे. म्हणूनच उद्यानात नव्या स्थिर तळांना सहसा परवानगी देत नाहीत. जुन्यांनी झाडांचा आडोसा करावा आणि रंग मातीत मिसळणारे घ्यावेत, असा आग्रह असतो. उलट, गावातले दगडी घर विकत घेणारा गृहस्थ ते रंगवतो, दारात फुले लावतो. चित्रात ते सुरेख दिसते. पण त्याने गावाचे एक घर कमी केले. कॅरॅव्हॅनवाल्याने ते केले नाही. डोळ्याला खुपते ते आणि गावाला खुपते ते, ह्या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पर्यटनाचा विचार करताना आपण बहुधा पहिलीच मोजतो.

आपल्याकडे महाराष्ट्र शासनानेही २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारले. त्यातून काय घडेल ते पुढे दिसेल. पण माझ्या गावापुरते मी जे पाहतो ते सांगतो. आमच्या मामांच्या वावरात धरणाच्या अंगाला हंगामात सहा-सात तंबू लागतात. मामी पिठले-भाकरी करतात, मामेभाऊ पाहुण्यांना रात्री काजव्यांच्या झाडांपाशी घेऊन जातो. पावसाने जोर धरला की तंबू गुंडाळून माळ्यावर टाकतात आणि त्याच वावरात भात लावतात. दुसरीकडे, सडकेच्या कडेची जमीन एका शेतकऱ्याने मुलीच्या लग्नापायी शहरातल्या माणसाला विकली. तेथे आता सुंदर बंगला आहे. वर्षातले दहा-बारा दिवस त्यात दिवा लागतो. विकणारा त्याच बंगल्याची राखण करतो. बंगला तंबूंपेक्षा कितीतरी देखणा आहे. पण विकणाऱ्याच्या मुलाला त्या जमिनीत भात लावता येणार नाही, हे मला दिसते.

वेल्सच्या अनुभवातून मला जो अर्थ लागला तो असा. पाहुण्याला छप्पर द्यावे, जमीन देऊ नये. आणि छप्पर देताना त्याचा करार पक्का, न्याय्य असावा, म्हणजे आयुष्यभर राबून थोडी विश्रांती शोधणारा माणूस नाडला जाणार नाही. तळाची कमाई गावात राहावी, आणि पाहुणा गेल्यावर गवत पुन्हा उगवावे. वेल्सने हे सारे साधले आहे असे नाही; तेथेही वाद चालूच आहे. २०२५ साली तेथे मुक्कामाच्या प्रत्येक रात्रीमागे पाहुण्यांवर लहानसा कर बसवण्याचा अधिकार स्थानिक परिषदांना देणारा कायदा झाला. निदान तेथे प्रश्न मोजण्याची सवय आहे: किती घरे, किती रात्री, किती बोलणारे. आपल्या डोंगरात हे कोणी मोजू लागले तर उत्तम; भूगोलाच्या विद्यार्थ्यांनीच ते आरंभावे असे मी सुचवतो.

शेवटी एक गोष्ट राहते. कामगाराच्या पगारी रजेतून ही सारी डबेवजा घरे उभी राहिली. आपल्याकडेही १९४८ च्या कारखाने कायद्याने कामगाराला वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस पगारी रजेची तरतूद केली. शेतात राबणाऱ्याला तसली रजा अजून कोणी दिलेली नाही. आमच्या डोंगरावर विश्रांतीला येणाऱ्यांचे स्वागत आम्ही जरूर करू. पण ज्यांच्या वावरात ते उतरतात, त्या माणसांनीही कधी तरी चार दिवस कोठे तरी जाऊन नुसते बसावे, पत्र्यावरचा पाऊस ऐकावा, अशी व्यवस्था होईल तेव्हाच 'पर्यटन' ह्या शब्दाला पुरता अर्थ येईल.